टेक्सास टाळून गेलेला रस्ता

तुझी मेल आणि पटकथेचा खर्डा, दोन्ही वाचून काढले. विचारलं आहेस ते असं: 'थेल्मा अँड लुईस' पुन्हा पाहिला, आवडला, पण तीस वर्षं उलटून गेल्यावरही लोक त्याचं एवढं नाव का काढतात ते हाताला लागत नाही, शेवटी दोघी गाडी दरीत घालतात त्याला हार म्हणायचं की जीत, आणि तुझ्या गोष्टीतल्या दोन जावा छोटा हत्ती, म्हणजे तो लहान मालवाहू टेम्पो, घेऊन करवीर तालुक्यातल्या गावातून समुद्राकडे निघतात, त्यांच्यासाठी या सिनेमातून काय घ्यावं. मला तिसऱ्या प्रश्नात जास्त रस आहे, आणि पहिल्या दोन्हींची उत्तरं बोलता बोलता त्यातच येतील. मी संकलक आहे, समीक्षक नव्हे. 'इथे का कापलं, तिथे का नाही कापलं' एवढ्याच नजरेनं मी सिनेमा बघते, तेवढं गृहीत धरून वाच.

तुझ्या सहलेखिकेनं तो पाहिलेला नाही म्हणतेस, म्हणून आधी गोष्ट. आर्कान्सा राज्यातल्या दोघी मैत्रिणी. लुईस कॉफी शॉपमध्ये वेट्रेस आहे, थेल्मा घर सांभाळते आणि नवऱ्याला घाबरून असते. दोन दिवस डोंगरातल्या एका केबिनवर राहायचं ठरवून निघतात. वाटेत एका बारमध्ये थांबतात. तिथला हार्लन नावाचा माणूस थेल्माबरोबर नाचतो आणि मग पार्किंगमध्ये तिच्यावर जबरदस्ती करू लागतो. लुईस पिस्तूल रोखून तिला सोडवते. दोघी निघालेल्या असतात, तेवढ्यात तो मागून घाणेरडं बोलतो, आणि लुईस वळून गोळी घालते. तिथून मेक्सिकोची सीमा गाठायची धडपड, मागे पोलीस, आणि शेवट तुला माहीत आहेच. १९९१ सालचा सिनेमा. दिग्दर्शक रिडली स्कॉट, लेखिका कॅली खूरी, लुईस म्हणजे सुझन सॅरँडन, थेल्मा म्हणजे जीना डेव्हिस.

गोळी कधी सुटते ते बघून ठेव. धोका टळलेला आहे. हार्लन मागे सरकलेला आहे, थेल्मा सुटलेली आहे. लेखिकेनं ती गोळी दहा सेकंद आधी घातली असती तर तो स्वसंरक्षणाचा मामला झाला असता, दोघी पोलिसात गेल्या असत्या आणि सिनेमा विसाव्या मिनिटाला संपला असता. खूरीची ही पहिलीच पटकथा होती. त्या दहा सेकंदांच्या उशिरात तिनं पुढचा सगळा सिनेमा पेरून ठेवला आहे, कारण प्रेक्षक लुईसच्या बाजूनं असतो आणि तरी त्याला माहीत असतं की कोर्टात हे टिकणार नाही.

आता नकाशा काढ. आर्कान्सातून मेक्सिकोला जायचं तर मधे टेक्सास आडवं पडलेलं आहे. सरळ रस्ता तोच. लुईस म्हणते, टेक्सासमधून जायचं नाही, दुसरा रस्ता शोध. थेल्मा चक्रावते, मेक्सिकोला पळायचं आणि टेक्सास टाळायचं म्हणजे काय? लुईस कारण सांगत नाही. पुढे थेल्माच्या ध्यानात येतं की लुईसवर टेक्सासमध्ये असंच काहीतरी गुदरलेलं असणार. ती विचारते, लुईस विषय बंद करते. त्यामुळे दोघींना ओक्लाहोमावरून पश्चिमेला, वाळवंटातून, भलामोठा वळसा घालून जावं लागतं. तो वळसा आहे म्हणून वेळ जातो, पैसे लागतात, ब्रॅड पिटचा तो गोडबोल्या पोरगा भेटतो, पैसे चोरीला जातात, दरोडा पडतो, आणि शेवटी ती दरी येते. सिनेमातल्या रस्त्याचा आकारच एका न सांगितलेल्या जुन्या घटनेनं ठरवलेला आहे. मला विचारशील तर हा सिनेमा टिकला तो यामुळे. पिस्तूल, निळी-हिरवी थंडरबर्ड गाडी, दरी हे सगळं पोस्टरवर गेलं, लोकांच्या लक्षात राहिलं. पण पुन्हा पुन्हा बघताना जे झिजत नाही ते टेक्सास.

आणि टेक्सास दाखवलेलं नाही. एकही फ्लॅशबॅक नाही. धूसर फ्रेम नाही, किंचाळी नाही, तरुण लुईस म्हणून उभी केलेली दुसरी नटी नाही. फक्त सॅरँडनचा चेहरा. शेवटाकडे हार्वी कायटलचा डिटेक्टिव्ह फोनवर तिला सांगतो की टेक्सासमध्ये तुझ्यावर काय बेतलं ते मला माहीत आहे, आणि ती बाई फोन धरून नुसती उभी राहते. इतका वेळ घड्याळाकडे डोळा ठेवून फोन खाली ठेवणारी लुईस त्या एका शब्दाला अडखळते, आणि तेवढ्यात पोलिसांना ठिकाणाचा माग लागतो. जी गोष्ट तिनं आयुष्यभर उच्चारली नाही, ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ती सापडते. संकलक म्हणून त्या जागी मला काहीही घालायला सांगितलं असतं तर मी टेबल सोडून उठले असते.

उठले असते म्हणते, पण प्रत्यक्षात आपल्याकडे असं उठता येत नाही. एका सिनेमाच्या वेळी मुख्य पात्राच्या गप्प राहण्याचे आम्ही फार छान दोन शॉट ठेवले होते. निर्माते म्हणाले, "पब्लिकला कळायचं न्हाई, फ्लॅशबॅक टाका." पॅच शूट, म्हणजे नंतर जोडायचा तुकडा वेगळा टिपणं, झालं, पाऊस पाडला, बाईला पळवलं, आणि तिचं सगळं गप्प राहणं त्या पावसात वाहून गेलं. तुझ्या खर्ड्यात मध्यंतराआधी थोरलीच्या माहेरचा जो चार पानांचा फ्लॅशबॅक आहे, त्याच्यावर मी लाल पेन फिरवलं आहे. रागावू नकोस. त्याऐवजी काय ते पुढे सांगते.

या सिनेमात न दाखवण्याची हातोटी आणखी एका जागी आहे, ती शॉट शॉट करून बघ. पैसे चोरीला गेल्यावर लुईस खचते. पुढे एका दुकानापाशी गाडी थांबते. थेल्मा आत जाते, कॅमेरा बाहेर लुईसपाशीच राहतो. लुईस गाडीत बसून आरशात बघत ओठांना लिपस्टिक लावायला जाते. समोर काचेमागे म्हाताऱ्या बायका बसल्या आहेत, त्या तिच्याकडे बघत असतात. लुईस हातातली लिपस्टिक बाहेर फेकून देते. तेवढ्यात थेल्मा धावत येते, गाडी काढ म्हणून ओरडते. तिनं दुकान लुटलेलं असतं. आपण ते पाहिलेलंच नाही. मग पुढच्या दृश्यात पोलीस आणि थेल्माचा नवरा डॅरिल टीव्हीवर दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण बघतात, आणि तिथे आपल्याला दरोडा दिसतो. थेल्मा अतिशय अदबीनं, त्या चोरट्या पोराचीच वाक्यं वापरून, दुकान लुटते आहे. आणि डॅरिलचं तोंड उघडं पडलं आहे.

सरळ क्रमानं कापलं असतं तर हा प्रसंग नुसता थरारक झाला असता. या क्रमामुळे तीन गोष्टी एका दमात होतात. लुईसचं नटणं-मुरडणं संपतं, थेल्माच्या हातात सूत्रं येतात, आणि आपण थेल्माचं हे नवं रूप तिच्या नवऱ्याच्या डोळ्यांनी बघतो, ज्यानं तिला कधी धड पाहिलेलंच नव्हतं. संकलक थॉम नोबल. 'विटनेस'साठी त्यांना आधी ऑस्कर मिळालेलं होतं, या सिनेमासाठी नामांकन मिळालं, पण त्या वर्षीचं संकलनाचं ऑस्कर 'जेएफके'ला गेलं. जाऊ दे.

फोनचा प्रसंगही असाच. पोलीस डॅरिलच्या घरी बसले आहेत का हे कळायला थेल्मा त्याला फोन करते. एरवी हा माणूस बायकोवर खेकसणारा. आज तो फोन उचलून अगदी लाडात येऊन "हॅलो" म्हणतो, आणि थेल्मा ताबडतोब फोन ठेवते. त्याला कळलंय, एवढंच ती सांगते. ख्रिस्तोफर मॅक्डोनाल्ड या नटानं त्या एका शब्दात अख्खा संसार दाखवला आहे. तुझ्या धाकटीच्या नवऱ्यानं रात्री फोनवर "जेवलीस का गं?" असं विचारलं की कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांतलं थिएटर हसेल आणि त्याच क्षणी घाबरेलही. पोलीस स्टेशनचं वेगळं दृश्य लिहायची गरजच उरणार नाही.

पुन्हा पाहण्याबद्दल एक तांत्रिक गोष्ट, कारण तू तो कुठे पाहिलास ते लिहिलेलं नाहीस. आमच्या पिढीनं हा सिनेमा व्हिडिओ लायब्ररीतून आणलेल्या कॅसेटवर पाहिला. मूळ चित्र रुंद, आणि तेव्हाचा टीव्ही जवळजवळ चौकोनी. रुंद चित्र त्या चौकटीत बसवायला कडा कापायचे, आणि चौकट कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकवायचे. आता विचार कर, हा सिनेमा म्हणजे पुढच्या सीटवर शेजारी शेजारी बसलेल्या दोन बायका. चौकोनी चौकटीत कितीदा एकच दिसायची आणि दुसरीचा नुसता आवाज यायचा. पुढे राजारामपुरीत एका मित्राच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर पूर्ण रुंदीत पाहिला, तेव्हा कळलं की एक बोलत असताना दुसरी काय करते यातच निम्मा सिनेमा आहे. छायाचित्रणकार एड्रियन बिडल आणि स्कॉट यांनी दोघींना जमेल तिथे एका फ्रेममध्ये ठेवलं आहे, सारखं एकीवरून दुसरीवर कट मारून त्यांची ताटातूट केलेली नाही. मोबाइलवर पाहिला असशील तर परत बघ, मोठ्या पडद्यावर.

स्कॉटबद्दल आणखी एक. 'एलियन' आणि 'ब्लेड रनर' करणारा हा माणूस, तो इथे आधी फक्त निर्माता म्हणून आला होता, दिग्दर्शनासाठी दुसरी माणसं शोधत होता. शेवटी स्वतःच बसला. त्याचा फायदा पडद्यावर दिसतो. सुरुवातीला घर, कॉफी शॉप, बार, सगळं कोंदट, सामानानं भरलेलं. मग रस्त्यावर धूर सोडणारे प्रचंड ट्रक दोघींच्या उघड्या गाडीला घासून जातात. आणि हळूहळू फ्रेम मोकळी होत होत नुसते लाल खडक आणि आभाळ उरतं. त्याच वेळी दोघींच्या तोंडावरचा मेकअप उतरत जातो, ऊन चढत जातं. लुईस अंगावरचे दागिने एका म्हाताऱ्याला देऊन टाकते. यातलं काहीही संवादात येत नाही. शेवटची दरी गोष्टीत ग्रँड कॅन्यन म्हणून असली तरी चित्रीकरण युटा राज्यातल्या मोआब गावाजवळच्या कड्यांवर झालं. हे तुला सांगते ते धीर यावा म्हणून, कारण तू खर्ड्यात 'बजेट नसेल तर वेंगुर्ल्याऐवजी दुसरा किनारा चालेल का' असं भीत भीत लिहिलं आहेस. चालेल.

आता तो गाजावाजा. सुमारे एक कोटी पासष्ट लाख डॉलरमध्ये झालेल्या या सिनेमानं एकट्या अमेरिकेत साडेचार कोटींच्या आसपास धंदा केला. सहा ऑस्कर नामांकनं मिळाली, त्यात दोघी नायिका एकाच विभागात एकमेकींसमोर. त्या विभागात जिंकली तिसरीच, जोडी फॉस्टर. खूरीला मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं. २०१६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, त्याची निवड झाली. पण १९९१ च्या उन्हाळ्यात भांडण वेगळंच पेटलं होतं. हा सिनेमा पुरुषद्वेष्टा आहे, बायकांच्या हातात बंदूक देतो, असा ओरडा झाला. 'टाइम' साप्ताहिकानं दोघींना मुखपृष्ठावर घेतलं. पूर्ण सिनेमात या दोघींच्या हातून मरतो एकच माणूस. त्याच मोसमात 'टर्मिनेटर २'ही लागला होता, त्यातल्या गोळ्या आणि स्फोट मोजत कुणी बसलं नाही.

परिणामाबद्दल मात्र मी तुला गोड गोड सांगणार नाही. तेव्हा सगळे म्हणाले, आता बायकांच्या सिनेमांची रांग लागणार. लागली नाही. जीना डेव्हिस स्वतः हे अनेकदा बोलली आहे. पुढे २००४ मध्ये तिनं पडद्यावर स्त्रिया किती दिसतात, किती बोलतात याची मोजदाद करणारी संस्था काढली. माझ्या मते या सिनेमाचा सगळ्यात ठोस परिणाम हाच, एका नटीनं हिशोबाची वही उघडली. उद्योग बदलला तो फार सावकाश, आणि तोही इतर कारणांनी. त्याची छाप खऱ्या अर्थानं पडली ती लिहिणाऱ्यांवर. दोन बायका गाडीत बसल्या की प्रेक्षक आता 'यांचा पुरुष कुठे आहे' असं विचारत नाही, ती सवय यानं लावली.

आपल्याकडे हा सिनेमा समजायला काही जड गेलं नाही. पोलिसात का जायचं नाही, तर शंभर माणसांनी थेल्माला हार्लनच्या गळ्यात गळा घालून नाचताना पाहिलेलं आहे, आपल्यावर कोण विश्वास ठेवणार, हा लुईसचा सवाल. महाराष्ट्रात मथुरा प्रकरण होऊन गेलेलं होतं. पोलीस ठाण्यात झालेल्या त्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना निर्दोष सोडलं, मुलीनं प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत म्हणून. त्यावर देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. लुईसची भीती आमच्या आयांना आणि मावश्यांना सबटायटलशिवाय कळत होती.

तू लिहितेस की 'मराठीत असली परंपराच नाही'. हे मात्र खोडून काढते. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली आपल्या कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. तिथे शांतारामबापूंनी १९३६ मध्ये 'अमर ज्योती' केला. त्यात दुर्गाबाई खोटे सौदामिनी आहेत. राज्याचा कायदा तिला तिच्या पोराचा ताबा नाकारतो, म्हणून ती समुद्रावर जाते आणि चाच्यांची म्होरकी होते. कायद्यानं न्याय दिला नाही म्हणून कायद्याबाहेर गेलेली बाई, हातात शस्त्र, पायाखाली जहाज. ही गोष्ट आपल्या माणसांनी खूरीच्या पंचावन्न वर्षं आधी हिंदीत सांगून झालेली आहे. दुर्गाबाईंचा प्रभातमधला प्रवास सुरू झाला तो 'अयोध्येचा राजा'मधून, १९३२ साली, इथेच, कोल्हापुरात. एवढा वारसा पाठीशी असताना अमेरिकेकडे बघून कानकोंडं व्हायचं कारण नाही.

मधल्या काळात मात्र आपल्या बाईच्या हातातून स्टिअरिंग गेलं हे खरं. 'उंबरठा'मधली स्मिता पाटीलची सुलभा घर सोडते, आणि तो प्रवास आगगाडीचा आहे. तिचं धाडस मोठं, पण रूळ दुसऱ्यानं टाकलेले. 'झिम्मा'मध्ये बायका मोकळ्या होतात, धमाल करतात, आणि ती सहल आहे, बरोबर टूर मॅनेजर आहे, परतीचं तिकीट आधीच काढलेलं आहे. तो सिनेमा चालला याचा मला मनापासून आनंद आहे, गावोगावच्या बायका गट करून थिएटरात गेल्या. तरी सहल आणि रस्ता यांत फरक आहे. सहलीत पुढचा मुक्काम माहीत असतो. तुझ्या गोष्टीत तो माहीत नाही, म्हणून ती मला पुढे वाचावीशी वाटली.

आता तुझ्या जावा. खर्ड्यात लिहिलं आहेस, 'त्या गोव्याच्या दिशेनं निघतात'. कुठल्या रस्त्यानं? कोल्हापूरचा कुणीही माणूस पहिला हाच प्रश्न विचारेल. लोकांचा नेहमीचा रस्ता कागल, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी. दुसरा राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली. तिसरा गगनबावडा, आणि तिथून करूळ किंवा भुईबावडा घाट उतरायचा. प्रत्येक रस्त्याची माणसं वेगळी, उजेड वेगळा, भीती वेगळी. थोरलीचं माहेर तू निपाणीच्या बाजूला ठेवलं आहेस. मग तिला कागलच्या आधीच म्हणू दे, "निपाणीवरनं न्हाई जायाचं." धाकटी म्हणेल, "अक्का, सरळ रस्ता तर त्योच हाय की." थोरली खिडकीबाहेर बघेल. बस. गाडी मागे फिरेल, राधानगरीचा रस्ता धरेल, तीन तासांच्या जागी रात्र पडेल, दाजीपूरच्या जंगलात दिव्यांच्या झोतात गवा उभा राहील, आणि प्रेक्षक पूर्ण वेळ मनात निपाणी घेऊन बसेल. तुझी फ्लॅशबॅकची चार पानं या एका वाक्यात येतात. ते वाक्यसुद्धा नंतर कुणी समजावून सांगू नये, थोरलीनं तर नाहीच.

दुसरं, निर्णय कोण घेतं याचा तक्ता मांड. 'थेल्मा अँड लुईस'मध्ये पहिल्या निम्म्यात सगळं लुईस ठरवते. बॅग बघ दोघींची. लुईसची नीटनेटकी, थेल्मानं मात्र घरातलं दिसेल ते कोंबलं आहे, आणि पिस्तूल दोन बोटांत उंदीर धरावा तसं धरून आत टाकलं आहे. नवऱ्याला 'जाऊ का' असं विचारायचंही धाडस न झालेली ही बाई. पैसे चोरीला जातात तिथे पारडं फिरतं, लुईस जमिनीवर बसते आणि थेल्मा तिला उठवते. आणि कड्यावर, मागे पोलिसांचा ताफा उभा असताना, पुढे जायचं असं सुचवते ती थेल्मा. लुईस विचारते, नक्की? गाडी लुईस चालवते, पण निर्णय थेल्माचा आहे. तुझ्या खर्ड्यात धाकटी साठाव्या पानापर्यंत "अक्का, तुमी म्हणशिला तसं" एवढंच म्हणते आहे, आणि मग एकदम शेवटी भाषण देते. मधे तिला एक तरी चुकीचा निर्णय घेऊ दे. पैसे तिच्या हातून जाऊ देत.

शेवटाबद्दल. गाडी उडते, हवेत असतानाच चित्र थांबतं, पांढरं होतं. गाडी खाली जातानाचं चित्रीकरणही झालेलं होतं, ते बाहेर काढलं, आणि ते काढण्यावर माझी शंभर टक्के सहमती. चौकट गोठवून संपवणं हे काही नवीन नव्हतं. सत्यजित राय यांनी १९६४ मध्ये 'चारुलता'च्या शेवटी नवरा-बायकोचे हात एकमेकांपर्यंत पोचायच्या आत गोठवले, तो माझ्या दृष्टीनं आजही याहून मोठा शेवट आहे. इथे मला खटकतं ते नंतरचं. पांढरं व्हायची घाई, आणि श्रेयनामावलीबरोबर दोघींचे आधीचे हसरे शॉट्स पुन्हा दाखवणं. प्रेक्षक हुंदका आवरत बसला आहे आणि तुम्ही त्याला रुमाल देता. मी असते तर तो रुमाल काढून घेतला असता. हार की जीत यावर मी तुला निकाल देणार नाही, कारण सिनेमानं दिलेला नाही. पण एवढं सांगते, तो शेवट या दोघींना लागू पडतो कारण त्यांनी सरळ रस्ता नाकारण्यापासून सुरुवात केली होती, आणि प्रत्येक वळणावर मागचा एकेक रस्ता बंद होत गेलेला आपण पाहिलेला असतो. तुझ्या जावांचे रस्ते तू बंद केलेले नाहीस. गावात थोरलीची पोरगी दहावीला आहे. त्या मरणार नाहीत, आणि मारूही नकोस. किनाऱ्यावर पोचल्यावर काय करायचं ते तुला अजून सापडलेलं नाही, आणि म्हणून तू दरी उसनी घेते आहेस, असं मला वाचताना वाटलं.

थोडं कामाचं. छोटा हत्ती निवडलास हे फार चांगलं केलंस. केबिनमध्ये दोनच माणसं बसतात, तिसऱ्याला जागा नाही, आणि समोरची काच मोठी आहे, त्यामुळे दोघी एका फ्रेममध्ये सहज येतील. पण इंजिन सीटखाली, आणि आवाज असा की चालत्या गाडीतला संवाद जागेवर ध्वनिमुद्रित करायचं स्वप्न बघू नकोस. गाडीतले महत्त्वाचे संवाद इंजिन बंद असताना, बिघाडात, टपरीपाशी, डिझेल भरताना ठेव, आणि चालत्या गाडीत त्यांना जास्त गप्प बसव. उरलेलं डबिंगला. त्याच दिवशी गाडी थांबवून नट्यांकडून तेच संवाद नुसते ध्वनिमुद्रित करून घे, टेबलावर मला उपयोगी पडतील.

दाजीपूरच्या बाजूला अभयारण्याच्या हद्दीत कॅमेरा लावायचा असेल तर वनविभागाची परवानगी आधी काढ, त्याला वेळ लागतो. पावसाळ्यात घाटात युनिट नेऊ नकोस. धुक्यात दहा फुटांपलीकडचं दिसत नाही, दरडी येतात, आणि लहान निर्मात्याचं एका दिवसाचं नुकसान पुढचे चार दिवस खातं. पावसाचे दोन-तीन शॉट हवेच असतील तर दोन माणसं आणि एक कॅमेरा पाठवून नुसता रस्ता टिपून आण, नट्या नकोत. पुढच्या खर्ड्यात प्रत्येक दृश्याच्या डोक्यावर गावाचं नाव, वेळ, दोघींकडे उरलेले पैसे आणि टाकीतलं डिझेल एवढं लिहून पाठव. आणि निपाणीचं ते वाक्य कितव्या पानावर आलं तेही.